जोडलेल्या पेटीतली खाच

पेटी जोडून झाली होती, सरस वाळला होता. शरावती झाकण बसवायला गेली आणि थबकली. झाकण सरकायचं कशात? आतल्या बाजूला खाचच नव्हती.

तिने पेटी खिडकीपाशी नेऊन आतून बोट फिरवलं. समोरची भिंत तिच्या वडिलांनी, अप्पांनी, झाकण आत जाण्याइतकी बरोब्बर ठेंगणी ठेवली होती. उरलेल्या तिन्ही भिंती मात्र आतून गुळगुळीत. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, म्हणतात ते असं.

सागर गावच्या गुडिगारांची, चंदन कोरणाऱ्यांची, रीत ठरलेली: आधी नक्षी, मग फळीच्या पाठीला खाच, मग जोडणी. पण खाच पाडायला फळी पालथी घालावी लागते, नक्षी खाली जाते. अप्पांनी, म्हणजे देवप्पा गुडिगारांनी, हत्तींची मिरवणूक इतकी नाजूक कोरली होती, की ती पालथी घालायला त्यांचाच जीव धजेना. उद्या पाडू, परवा पाडू करत राहिले आणि शेवटी विसरून सरळ जोडून मोकळे झाले. परक्याच्या हातून ही चूक व्हायचीच नाही, त्यासाठी आपल्या हत्तींवर एवढी माया हवी.

जोड उकलावा तर दाते तुटणार. नवं चंदन सरकारी कोठारातून कधी मिळेल ते देव जाणे. आणि उद्या श्रुतपंचमी, पोथीपूजेचा दिवस. बस्तीतली, म्हणजे जैन देवळातली, ताडपत्राची पोथी यंदा या पेटीत बसायची होती. पोथीजवळ लोखंड नको म्हणून बिजागरी नाही, सरकतं झाकण.

खरं सांगायचं तर शरावतीला पोथीपेक्षा बापाची धास्ती होती. हल्ली अप्पा माणसांची नावं विसरत, जेवलो की नाही ते विसरत, पण हात काही विसरत नव्हता. त्या एका आधारावर म्हातारा उभा होता. हातही विसरला हे कळलं, तर ते पुन्हा पटाशी धरणार नाहीत. मग त्यांच्यात अप्पा म्हणून काय उरेल, हा विचार तिला करवेना.

अप्पा शेजारी पान खायला गेले होते. तिने करवतीच्या पात्याचा तुकडा घासून त्याला आकड्यासारखं टोक काढलं आणि दोन लाकडांत घट्ट बसवलं. लाकूड पेटीच्या काठावर टेकवून ओढलं की टोक आतून खरवडत जाई, आणि खाच काठापासून सारख्या अंतरावर पडे. भुसा तिने पदरात पडू दिला. चंदनाचा भुसा कोणी झटकत नाही.

एक भिंत झाल्यावर तिने पेटी उजेडात धरली आणि आकडा बाजूला ठेवला. एका हत्तीच्या मस्तकावर, जिथे बाहेरून खोल कोरलं होतं, तिथे लाकडातून तांबूस उजेड दिसत होता. आणखी एकदा आकडा फिरला असता तर आरपार. बाकीच्या भिंती कुठे पातळ, कुठे जाड, हे कोरणाऱ्यालाच ठाऊक.

"काय चाललंय ग?" अप्पा दारात उभे होते.

"काही नाही. या मिरवणुकीमागे लाकूड कुठे पातळ आहे, अप्पा?"

त्यांनी पेटी मांडीवर घेतली. अंगठा आत, बोटं बाहेर, डोळे मिटलेले. "इथे हलक्या हाताने. या माहुताच्या मागे भरपूर आहे, इथे लाव जोर. आणि इथे..." अंगठा थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. "जोडलेल्या पेटीत खाच पाडतेस?"

"माझीच चूक, अप्पा. खाच पाडून मगच जोड, असं तुम्ही बजावलं होतंत. मी तशीच जोडली."

अप्पांचा अंगठा कोपऱ्यातल्या जोडावरून फिरला. मग तोंड सुटलं.

"सरस लावताना डोळे कुठे चरायला गेले होते? अक्कल गहाण टाकलीस का? आज्जापासूनचं नाव एका दिवसात मातीत घालवशील. तुझ्यापेक्षा हे लाकडी हत्ती बरे, निदान काही बिघडवत तरी नाहीत!"

शरावती मान खाली घालून ऐकत होती. बापाच्या शिव्या इतक्या गोड तिला कधी लागल्या नव्हत्या. मग ते बोटाने दाखवत गेले आणि ती आकडा ओढत गेली. कोपऱ्यात आकडा पोचेना, तिथे बारीक पटाशीने टोकरलं. दिवेलागणीला झाकण अलगद आत गेलं.

दुसऱ्या दिवशी बस्तीत उपाध्यांनी झाकण दोनदा सरकवून पाहिलं. "देवप्पा, हात अजून तसाच आहे हो तुमचा."

"नाही राहिला," अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले. "खाच पाडायची विसरून पेटी मीच जोडली. जोडलेल्या पेटीत आतून खाच पाडली ती हिने."

 उपाध्यांनी पोथी दोन्ही हातांनी उचलून पेटीत ठेवली.

बाहेर पडल्यावर शरावतीने विचारलं, "ठाऊक होतं, तर काल मला एवढं का बोललात?"

अप्पा थोडं चालून म्हणाले, "तुला नव्हतं ते. माझा बाप असता तर मला असंच फाडून खाल्लं असतं त्याने. आता मला ओरडणारं कोण उरलंय?"

 तिने खाली पाहिलं, तर अप्पांच्या पायात एक चप्पल त्यांची आणि एक दुसऱ्याच कुणाची.

"डोळे उघडे ठेवून चप्पल घालता येत नाही का?" ती भर रस्त्यात खेकसली. "लोकांनी काय अनवाणी घरी जायचं? चला मागे."

अप्पांनी मान खाली घातली आणि निमूटपणे मागे वळले.