दोन खाटा, एक मशीन

तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं होती. एका दाराआड बसचा ड्रायव्हर आणि त्याची बायको राहायची. ती घरीच कपडे शिवायची, म्हणून अख्खी इमारत तिला शिलाईताई म्हणायची. दुसऱ्या दाराआड शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे मास्तर आणि काकू. मास्तरांची मुलगी परदेशात होती, शिलाईताईला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे दोन्ही दारं दिवसभर उघडीच असायची आणि काकूंचा चष्मा हरवला की तो बहुतेक वेळा शिलाईताईच्या कापडाच्या ढिगात सापडायचा.

साथ आली आणि सगळं ठप्प झालं. लोक घरात कोंडले गेले. पहिल्या काही दिवसांत माणसं नुसती भिंतींकडे बघत बसली, तेव्हा मास्तरांनीच सगळ्यांना उठवलं. रोज सकाळी ते गॅलरीत उभे राहून शिट्टी मारायचे आणि समोरच्या इमारतीतल्या लोकांनाही हात वर-खाली करायला लावायचे. "श्वास आत! रोखून धरा! हां, आता सोडा! दुसऱ्या मजल्यावरचे, पोट आत घ्या, ते श्वासाबरोबर बाहेर येतंय!" लोक हसायचे. मास्तरांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "रिपोर्ट निगेटिव्ह पाहिजे आणि माणूस पॉझिटिव्ह. उलटं झालं की घोटाळा!"

घोटाळा आधी शिलाईताईच्या घरी झाला. दवाखान्यातल्या लोकांची ने-आण करायला ड्रायव्हरची बस लावली होती. एका संध्याकाळी तो घरी आला तो न जेवताच आडवा झाला. सकाळी अंग भट्टीसारखं तापलेलं. चार-पाच दिवस ताप गेला-आला, आणि मग दम लागायला लागला. बाथरूमपर्यंत गेला तरी धावत आल्यासारखा धापा टाकायचा. ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायच्या चिमट्यावरचा आकडा खाली खाली सरकू लागला, तसं शिलाईताईच्या तोंडचं पाणी पळालं.

ती दिवसभर दवाखान्यांना फोन लावत राहिली. एक तर फोन लागायचा नाही, आणि लागला तर पलीकडून थकलेला आवाज यायचा, "बाई, खाट नाही. व्हरांड्यातही जागा नाही. तुम्ही नंबर लावून ठेवा." एकाने तर विचारलं, "वय काय?" तिने सांगितल्यावर तो म्हणाला, "मग तरुण आहेत, निघतील." आणि फोन ठेवला. निघतील म्हणजे कुठे, हे तिला विचारायचं होतं.

त्याच दुपारी काकूंनी दार ढकललं. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, आणि पुढ्यात चाकांवरचं एक मशीन, लहान कपाटाएवढं. हवेतून ऑक्सिजन काढणारं. मास्तरांची छाती जुनीच नाजूक, म्हणून मुलीने आधीच धडपड करून ते पाठवलं होतं.

"काकू, हे मास्तरांचं आहे," शिलाईताई म्हणाली.

"मास्तर तिकडे भिंतीला टेकून जोर काढतायत. त्यांना काय धाड भरलीय? याला लाव आधी. आणि माझ्या पोरीला यातलं काही कळता कामा नये, ती तिथून ओरडेल."

मशीन घरघरायला लागलं. नाकात नळी गेली आणि संध्याकाळपर्यंत ड्रायव्हरच्या ओठांचा निळसरपणा कमी झाला. शिलाईताई भिंतीला डोकं टेकून हमसाहमशी रडली. किती दिवसांनी तिला भूक लागली होती.

पण आगीतून उठून फुफाट्यात पडायचं असेल तर कोण काय करणार? दोन दिवसांनी गॅलरीतून शिट्टी ऐकू आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शिलाईताईला सगळं कळत होतं, पण तिने मनाला कळू दिलं नाही. भिंतीपलीकडून खोकला यायचा आणि ती मशीनच्या घरघरीकडे कान लावून बसायची.

मग दारावर थाप पडली.

"पोरी," काकूंचा आवाज होता. "यांना फार दम लागलाय गं. मशीन हवंय."

शिलाईताई उठली. दारापाशी गेली. हात कडीवर ठेवला. मागे वळून पाहिलं तर नवरा डोळे मिटून पडलेला, छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. सकाळी तोंड पुसायला म्हणून तिने नळी क्षणभर काढली होती, तेवढ्यात आकडा कसा घसरला होता ते तिने पाहिलं होतं. तिचा हात कडीवरच राहिला. कडी काही निघेना.

"पोरी, ऐकतेस ना?"

ती ऐकत होती. ती दाराला पाठ लावून खाली बसली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला.

काकूंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "मला समजतंय गं. पण मी आता कुठे जाऊ, ते तरी सांग." आणि त्याही पलीकडून दाराशीच बसल्या. मध्ये फक्त लाकडाची फळी. दोघींना एकमेकींचं रडणं ऐकू येत होतं.

"दार उघड," ड्रायव्हर म्हणाला. त्याने डोळे उघडले होते.

"अहो, तुम्ही बोलू नका."

"मशीन त्यांचं आहे."

"आणि तुम्ही? तुम्ही कोणाचे आहात?" ती ओरडली. "मी मेले तरी उघडणार नाही."

त्याने नाकातली नळी ओढून काढली आणि उशीवर टाकून दिली. ती धावली, नळी परत लावू लागली, तर त्याने तिचं मनगट धरलं. त्या हातात आता जोर नव्हता, पण त्याने सोडलं नाही. "उघड," तो पुन्हा म्हणाला. एवढ्या एका शब्दासाठी त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला.

तिने कडी काढली.

काकू तिच्याकडे पाहत राहिल्या. चेहरा सुकून एवढासा झाला होता. शिलाईताईने मान खाली घातली, मग एकदम म्हणाली, "मशीन तिकडे नको. मास्तरांना इकडे आणू. दोघांना मिळून वापरू."

"कसं?"

"माहीत नाही. आधी आणू तर."

ड्रायव्हर अंगाने दांडगा, त्याला हलवणं शक्यच नव्हतं. मास्तर मात्र काडीसारखे झाले होते. दोघींनी त्यांना खुर्चीवर बसवलं, कमरेला चादर बांधली आणि ओढत, उचलत, थांबत इकडे आणलं. उंबऱ्यावर खुर्ची अडकली. मास्तर धापांच्या मधून म्हणाले, "हमाली... चांगली करता... दोघी." काकू म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा हो, जन्मभर दुसऱ्यांना पळवलंत, आता आम्ही पळतोय."

शिलाईताईने शिवणयंत्र स्वयंपाकघरात ढकललं आणि दुसरी खाट पहिलीला समांतर लावली. मध्ये मशीन.

आता कोणाला किती वेळ, हे कोण ठरवणार? दोघींनाही आपापला माणूस हवा होता, आणि दोघींनाही ते ठाऊक होतं. काकूच शेवटी बोलल्या. "हे बघ, मी माझ्या माणसाशेजारी बसले तर माझा हात चोरी करणार. तुझाही करणार. तेव्हा तू यांच्याजवळ बस, मी तुझ्या नवऱ्याजवळ बसते. ज्याचा आकडा कमी, नळी त्याला. आकडा मोठ्याने सांगायचा. देवाशपथ खरा सांगायचा."

तसंच सुरू झालं. दोन्ही घरांतले चिमटे दोन बोटांना. शिलाईताई मास्तरांचा आकडा सांगायची, काकू ड्रायव्हरचा. नळी इकडून तिकडे जायची, तिकडून इकडे यायची. मध्येच काकू ड्रायव्हरच्या कपाळावरचा घाम पुसायच्या, "बाळा, घे रे श्वास, घे." शिलाईताई मास्तरांना चमच्याने पाणी पाजायची. दोघांना पालथं झोपवून त्या पाठीवर हलके थापट्या मारायच्या. फोन चालूच होते. दवाखान्यात खाट नव्हतीच.

मास्तरांची जीभ काही थांबत नव्हती. नळी आपल्याकडे नसली की ते शेजारच्या खाटेवरच्या ड्रायव्हरला म्हणायचे, "गड्या... आत... घे. रोख. सोड." ड्रायव्हर त्या आवाजाच्या आधाराने श्वास घ्यायचा. कधी मास्तर स्वतःच अडखळायचे, मग ड्रायव्हर म्हणायचा, "मास्तर... तुम्ही... घ्या." एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर अशी कवायत चालली होती, आणि दोन बायका ते ऐकत डोळे पुसत होत्या.

मुलीचा फोन आला. "आई, मशीन बाबांना लावलंय ना? कोणाला देऊ नकोस हं, माझी शपथ आहे."

"मशीन बाबांच्या शेजारीच आहे गं," काकू म्हणाल्या. खोटं काहीच नव्हतं. पण फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांचीही तब्येत एकदम उतरली. ड्रायव्हरची मान कलंडली, ओठ काळसर झाले. मास्तरांचे डोळे अर्धवट उघडे, बुबुळं वर गेलेली. नळी मास्तरांना होती.

"याचा साठच्या खाली गेला गं," काकू किंचाळल्या. "तिकडे किती? पोरी, तिकडे किती?"

शिलाईताईने मास्तरांच्या बोटाकडे पाहिलं. आकडा त्याहूनही खाली होता. तिला दोन पावलांवर आपला नवरा दिसत होता. काकूंना चिमटा दिसत नव्हता, त्यांची पाठ होती. तिने एक मोठा आकडा सांगितला असता, तर नळी त्याला मिळाली असती. कोणालाच कधी कळलं नसतं. तिच्या तोंडात तो आकडा आलाही होता.

"पन्नास," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. "मास्तरांचा पन्नास आहे, काकू."

"मग राहू दे त्यांना," काकू म्हणाल्या, आणि ड्रायव्हरचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या कानाशी वाकल्या. "बाळा, थोडं थांब. थोडं थांब रे. मास्तरांचं झालं की तुला देते."

मास्तरांचं झालं. एक लांब श्वास आत गेला. शिलाईताई तो बाहेर यायची वाट पाहत होती. तिने हाक मारली, गाल थोपटले, छाती दाबली, पुन्हा दाबली. मशीन घरघरत होतं आणि हवा नळीतून कोणाहीसाठी नसल्यासारखी वाहत होती.

काकूंनी वळून पाहिलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. मांडीवरचं डोकं मात्र त्यांनी खाली ठेवलं नाही.

"काढ," त्या म्हणाल्या.

"काकू..."

"काढ म्हणते ना! ह्याला लाव. लवकर."

शिलाईताईने मास्तरांच्या नाकातली नळी काढली. ती अजून गरम होती. पदराने पुसून तिने ती आपल्या नवऱ्याच्या नाकात घातली, आणि तेव्हा कुठे काकूंनी मोठा हंबरडा फोडला.

पांढऱ्या पोशाखातली माणसं संध्याकाळी आली आणि मास्तरांना घेऊन गेली. काकूंना जिन्यापर्यंतच जाता आलं. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज त्यांनी वरूनच ऐकला. समोरच्या इमारतीतले लोक गॅलऱ्यांत येऊन उभे होते. कोणीतरी हात जोडले.

ड्रायव्हर जगला. लगेच नाही. आज बरा, उद्या वाईट, असं करत बऱ्याच दिवसांनी नळीशिवाय बसू लागला. तो पहिल्यांदा आपल्या पायांनी स्वयंपाकघरापर्यंत गेला, तेव्हा शिलाईताईला आनंद झाला आणि त्या आनंदाची तिला लाज वाटली.

काकू आपल्या घरात झोपत नसत. "तिथे खूप शांत आहे," म्हणायच्या. त्या दुसऱ्या खाटेवरच पडून राहायच्या, भिंतीकडे तोंड करून. जेवणाच्या ताटाला हात लावत नसत. एक दिवस शिलाईताई मऊ भात घेऊन शेजारी बसली. काकू न वळताच बोलल्या.

"पोरीला सगळं सांगितलं सकाळी. मशीन कधी दिलं, का दिलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आई, तू बाबांना मारलंस. मग खूप रडली. मग पुन्हा फोन करून म्हणाली, माफ कर." काकूंनी पांघरूण सरळ केलं. "मलाही तेच वाटतं, अधूनमधून. तुझा नवरा श्वास घेताना दिसला की मला तुझा राग येतो. त्याचाही येतो. त्या दिवशी तू दार उघडायला जो वेळ लावलास ना, त्याचा तर फार येतो."

शिलाईताईने ताट थोडं पुढे सरकवलं. मग ती म्हणाली, "येऊ दे काकू. मी कुठे जात नाही."

"मी तरी कुठे जाणार? दुसरं कोण आहे मला इथे?" काकू कष्टाने उठून बसल्या. ताट मांडीवर घेतलं. एक घास घेतला, चावला, आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ विसरलीस."

शिलाईताई मीठ आणायला उठली.