तिसरा फोन

एलवियाच्या जाकिटाला तीन साखळ्या आणि प्रत्येक साखळीला एक फोन. बटणांचे, जाडजूड, भिंतीवर आपटले तर भिंतीचाच पोपडा उडावा असले. बोगोटाच्या विमानतळाबाहेर, टॅक्सीवाल्यांच्या आरडाओरड्यात, ‘मिनिटे मिळतील’ अशी पाटी गळ्यात अडकवून ती अकरा वर्षं उभी होती. मिनिटाच्या हिशोबाने फोन वापरायला द्यायचा, धंद्याची रीत साधी. गिऱ्हाईक नंबर सांगणार, ती बटणं दाबणार, फोन त्याच्या हातात देऊन तोंड फिरवणार. साखळी हातभरच, त्यामुळे ऐकू सगळं येतं. पण ऐकायचं नाही.

हल्ली ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला होता आणि गिऱ्हाईक आटलं होतं. पण तिचा जीव टांगणीला लागला होता तो लेकासाठी. विल्मार चार महिन्यांपूर्वी आजोळी, आंचिकायाच्या जंगलात, लाकूडकामाला म्हणून गेला आणि गप्पच झाला. त्या भागात माणसं नाहीशी होतात आणि कोणाला विचारायची सोय नसते. रोज सकाळी ती स्वतःच्या, म्हणजे पहिल्या फोनवरून त्याला लावी. घंटा वाजे, उचलत कोणी नसे. पण वाजतोय म्हणजे फोन चार्ज करणारं कोणीतरी आहे, एवढ्यावर ती तग धरून होती. बाकीचे दोन फोन गिऱ्हाइकांचे. घरच्या कामाला त्यांना हात लावायचा नाही, हा तिचा खाक्या.

मंगळवारी दुपारी करड्या कोटातला एक साहेब आला. खांद्याला कॅमेऱ्याची फुगलेली पिशवी.

“नंबर लावा बाई, माझा फोन बंद पडलाय. घाई आहे.”

तिच्या हाताला पहिलाच फोन आला. तो आकडे सांगू लागला आणि पाचव्या आकड्यानंतर तिची बोटं त्याच्या पुढे धावली. पडद्यावर नाव उमटलं: विल्मार.

“उचलत नाही लेकाचा,” साहेब वैतागला. “तासाभरापूर्वी तर बोललो याच्याशी. दुसरा फोन द्या.”

तिने दुसरा लावून दिला. एकच घंटा झाली.

“बोला, साहेब!”

विल्मारच! ठणठणीत! तिला साहेबाच्या पायाच पडावंसं वाटलं. मग ध्यानात आलं. पहिल्या फोनवरून लावलं की तिकडे ‘आई’ दिसतं. चार महिने रोज दिसत होतं.

“चाळीसच्या चाळीस जगतील ना रे?”

“ओल्या कापसात ठेवलेत, डब्यांना भोकं पाडलीत. पण साहेब, ओढ्यात आता एकही बेडूक राहिला नाही. हे शेवटचे.”

“मग तर झकासच.”

काळ्या अंगावर लाल पट्ट्यांचे ते विषारी बेडूक. अख्ख्या जगात त्या एका डोंगरउतारावर होते. तिच्या वडिलांनी नातवाला खांद्यावर बसवून ते दाखवले होते. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं.

साहेब पैसे देऊन, फुगलेली पिशवी जपत विमानतळाच्या दाराकडे निघाला. दाराशी कास्त्रियोन हवालदार कुत्रा घेऊन उभा होता, तिच्या रोजच्या ओळखीचा.

“काय हो एलवियाबाई, पांढऱ्याफटक पडलात?”

एक शब्द पुरे होता. पण साहेबाला धरलं असतं, तर त्याने पहिलं नाव विल्मारचंच घेतलं असतं.

“सकाळपासून पोटात काही नाही.”

“मग खा की! कॉफीवर किती दिवस जगणार?”

काचेचं दार उघडलं, मिटलं. तिला वडिलांची लाज वाटली, ते जाऊन नऊ वर्षं झाली होती तरी.

मग तिने स्वतःचा नियम मोडला आणि दुसऱ्या फोनवरून लावलं.

“बोला, साहेब!”

“विल्मार, मी आहे रे. बरा आहेस ना?”

तिकडे श्वास ऐकू आला. मग फोन कट झाला. तिने पुन्हा लावला. घंटा वाजत राहिली, उचलला कोणी नाही. आता हाही नंबर त्याला कळला होता.

तिने तिसरा फोन साखळीतून सोडवला, बंद केला आणि आतल्या खिशात घातला. संध्याकाळी एका टॅक्सीवाल्याने नेमका तोच मागितला.

“बिघडलाय,” ती म्हणाली.

त्या फोनवरून तो अजून एकदा तरी ‘बोला, साहेब’ म्हणाला असता.