बाहेर राहिलेलं टोक

चादरींच्या गठ्ठ्याला सुतळी बांधली की धनलक्ष्मी गाठीचं टोक आत खोचायची. आज दुकानातल्या एका गठ्ठ्याचं टोक बाहेर लोंबत होतं. असं तिनं याआधीही पाहिलं होतं, पण संशय मनातच दाबला होता. या वेळी तिनं गाठ सोडली. चादरींच्या घड्यांत प्लास्टिकची पिशवी होती आणि तिला गांजाचा उग्र वास येत होता.

"बांधलेला माल कशाला उकलताय, वहिनी?" दारात तिचा दीर गुरु उभा होता.

"ही गाठ माझी न्हाय, भावजी."

तो हसला. "आता गाठीवरून भांडणार व्हय? मित्राचं सामान हाय. संध्याकाळी ट्रकात जाईल."

"गठ्ठ्यावर नाव तुमच्या दादाचं हाय. पकडलं तर जेलात तेच जाणार की."

"त्याला काय बी सांगू नका. घरातलं घरातच राहू द्या."

इतके दिवस तीही स्वतःला हेच सांगत आली होती. तिनं पिशवी होती तिथंच राहू दिली आणि फोन हातात घेतला.

"पोलिसांना मी बोलावते," ती म्हणाली. "आणि तुमचं नावही मीच सांगणार."