कुंकवाखालचे आकडे

पाटावर तेरा वस्तू होत्या. ऊसतोडीचे चार कोयते, तीन खुरपी, एक कुऱ्हाड, अण्णांची पान्यांची पेटी, ट्रॅक्टरची चावी, आईच्या शिलाई मशीनची कात्री, माझा विमानात घालायचा हेडफोन आणि माझं लॉगबुक. बारा वस्तूंवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. तेराव्या वस्तूवरही होती, पण मुखपृष्ठावर नव्हे. लॉगबुक उघडून ठेवलेलं होतं आणि कुंकू आतल्या पानावर होतं.

दसऱ्याचा गुरुवार होता, दुपारचे सव्वाबारा. मी बांधावरून आपट्याची पानं घेऊन आले तेव्हा पूजा होऊन गेली होती आणि आई पुरणाच्या नादात होती.

लॉगबुक म्हणजे वैमानिकाची वही. प्रत्येक उड्डाणाची एक ओळ: तारीख, विमान, कुठून कुठे, किती वेळ, शेवटी शिक्षकाची सही. हवामानशास्त्र शिकायला मी शिष्यवृत्तीवर न्यूझीलंडला गेले होते. शनिवार-रविवारी एका गोठ्यावर धारा काढायचे आणि त्यातून उड्डाणाचे तास भरायचे. दीड वर्षानं खाजगी वैमानिकाचा परवाना हातात आला. पण तिकडचा परवाना इथे तसाच चालत नाही, तो भारतीय परवान्यात बदलून घ्यावा लागतो. नियमांची परीक्षा झाली होती, रेडिओची झाली होती, डॉक्टरी तपासणी झाली होती. राहिली होती लॉगबुकाची पडताळणी. तिची वेळ सोमवारी सकाळी दहाची मिळाली होती. माझा परवाना खरा असल्याचं तिकडचं पत्र त्याच आठवड्यापर्यंत धरलं जाणार होतं, आणि मागच्या वेळी ते यायला पाच महिने लागले होते.

कुंकू ज्या ओळीवर होतं ती ओळ माझ्या एकटीच्या लांबच्या उड्डाणाची होती. दोन परक्या धावपट्ट्यांवर उतरून परत यायचं, किमान दीडशे सागरी मैल. असं उड्डाण माझ्या वहीत एकच होतं. आता तिथे तारीख दिसत होती, सही दिसत होती आणि मधे अंतर आणि वेळ यांच्या जागी सव्वा इंच लांबीचा लाल पट्टा होता.

"आई, पान का उघडलंस?"

"मग काय पुठ्ठ्याची पूजा करू? तूच दावलं हुतंस की, ह्या दिशी मी एकटी गेल्ते म्हून. ती निळी सही वळखली मी."

आईला इंग्रजी वाचता येत नाही. शेहेचाळीस पानांतून तिनं नेमकं ते पान काढलं होतं.

मी ओल्या कुंकवाला हात लावला नाही. वाळलं तेव्हा कोरड्या ब्रशनं जाडसर थर उडवला. डाग राहिला. माझी चुलती गोजरबाई सोनं द्यायला आली होती, ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाली, "इमानाला कुकू लावलं व्हय? आता हिला नवरा कशाला पाहिजे."

"परवान्याला मळवट भरलाय तिच्या आयनं," माझे वडील, अण्णा, म्हणाले. आई हसली नाही. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुरण ढवळायला लागली.

मी भागवत सरांना फोन केला. पडताळणी तेच करणार होते.

"खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर चालत नाही," ते म्हणाले. "डाग असला तर असू दे. पण आकडा मूळ पानावर आणि झेरॉक्सवर, दोन्हीकडे वाचता आला पाहिजे."

"माझ्याकडे पानाचा जुना फोटो आहे, सर."

"असू द्या. आठवण म्हणून छान आहे."

तिकडे जिथे उडायला शिकले त्या क्लबला मेल केली. क्लबनं लगेच उत्तर दिलं: दाखला देऊ, पण सही करणाऱ्या बाई नोकरी सोडून गेल्यात, तीन आठवडे लागतील.

मग मी माझ्या बॅगेतून लाल प्रकाशाची टॉर्च काढली. अंधारात नकाशा वाचताना डोळे दिपू नयेत म्हणून वैमानिक ती वापरतात. खोलीचं दार लावलं आणि लाल उजेड पानावर धरला. लाल उजेडात लाल डाग कागदासारखाच दिसतो. डाग नाहीसा झाला आणि त्याखाली काळ्या बॉलपेनचे आकडे जसेच्या तसे उभे राहिले. म्हणजे शाई पसरली नव्हती. पण झेरॉक्सच्या यंत्रात लाल रंग काळा उमटतो आणि यंत्राला टॉर्च लावता येत नाही.

आई दारात उभी होती. "हळद आसती तर उनात उडाली आसती. लुगड्यावरली हळद दोन उनात जाती. कुकू न्हाई जात."

"कुंकू कुठून आणलंस?"

"मोहट्याच्या जत्रंतून. देवीचं हाय."

"देवीचं आहे, पण बनवलंय कशाचं?"

खरं कुंकू हळदीचंच असतं. हळदीत चुन्यासारखं काही मिसळलं की ती लाल होते. खोटं कुंकू म्हणजे नुसता कारखान्याचा रंग, तो उन्हाला दाद देत नाही. फरक ओळखायला एक लिंबू पुरतं. मी बशीत चिमूटभर कुंकू घेतलं आणि वर तीन थेंब पिळले. आई, अण्णा आणि गोजरबाई तिघंही बशीवर वाकले. पहिल्या थेंबाला काही झालं नाही. तिसऱ्या थेंबानंतर कडेनं पिवळं पडायला लागलं आणि अर्ध्या मिनिटात सगळं पिवळं झालं.

"आता गं बया," गोजरबाई म्हणाली. "माझं आणू का? माझं बी बघ."

तिचं शेवटपर्यंत लाल राहिलं. दुकानदाराला ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

पानावर लिंबू पिळणं शक्य नव्हतं, ओलाव्यानं कागद आणि सही बिघडली असती; राहिलं ऊन. तरी लॉगबुक लगेच उन्हात ठेवायची माझी तयारी नव्हती. कुंकवाबरोबर शाईही उडाली तर? म्हणून शुक्रवारी मी आधी एका कोऱ्या कागदावर तसल्याच काळ्या पेननं आकडे लिहिले, वर मोहट्याचं कुंकू ओल्या बोटानं लावलं, अर्ध्या भागावर नाणं ठेवलं. दुपारी बारापर्यंत आकाशाचे आठातले सहा भाग ढगांनी भरलेले होते. त्यानंतर तीन भाग राहिले. साडेपाचला नाणं उचललं. नाण्याखाली गोल लाल होता. बाहेरचा भाग विटकरी झाला होता आणि शाईत मला फरक दिसला नाही.

शनिवारी सकाळी सात वाजता लॉगबुक अंगणात बाजेवर ठेवलं. पुठ्ठ्याला डागाएवढी खिडकी कापली आणि बाकीचं पान झाकलं. दर तासाला फोटो घ्यायचं ठरवलं. पण कडुनिंबाची सावली हलते हे मी हिशोबात धरलंच नव्हतं. नऊ वाजता बाहेर आले तेव्हा बाज जागेवर नव्हती. आईनं ती चार हात पूर्वेला ओढली होती आणि शेजारी पोत्यावर बसून ती शेंगा फोडत होती.

"रानात नाही गेलीस?"

"कोंबड्या हायेत. शेळी हाय. पुस्तक खाती ती, मागं पंचांग खाल्लं."

दिवसभरात तिनं बाज सात वेळा सरकवली. दुपारी अण्णा जेवायला या म्हणाले, तर तिनं भाकरी बाहेरच मागवली.

"एका बोटाची पूजा आन् दोन दिसाची राखण," अण्णा म्हणाले.

"तुमी गप जेवा."

संध्याकाळी मी पाथर्डीला स्टँडासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. प्रतीत पट्टा राखाडी होता. अंतराचा पहिला आकडा वाचता येत होता, पुढचे दोन नव्हते. वेळेचा एकही नव्हता. घरी आले तेव्हा आईनं कागद हातात घेतला आणि त्या करड्या जागेवरून बोट फिरवलं.

"म्या पुठ्ठ्यालाच लावायला पाहिजे हुतं," ती म्हणाली.

"तीन आकड्यांतला एक आला की. उद्या अजून एक दिवस आहे."

"ढग आलं तर?"

मी पश्चिमेकडे बघितलं. वारा पडला होता, उंचावर थोडे विस्कटलेले ढग होते, खाली काही नव्हतं. "नाही येणार," मी म्हणाले. हवामानाच्या अंदाजावर मी एवढं ठाम उत्तर त्याआधी कधी दिलं नव्हतं.

रविवारी आकाश पूर्ण निरभ्र राहिलं. आई माझ्या आधी उठून बाज सूर्याच्या तोंडाला लावून बसली होती. विटकरी रंग दहा वाजता नारिंगी झाला, दोन वाजता पिवळा. चारला पान उचललं आणि मी पुन्हा पाथर्डीला गेले, पण दुकान रविवारी अर्धा दिवस असतं हे स्टँडवर पोचल्यावर कळलं. नवी प्रत न बघताच सोमवारी भागवत सरांच्या ऑफिसला जायला पहाटेची एसटी धरली. निघताना आईनं डब्याबरोबर एक लिंबू दिलं. "तिथल्या सायबाचं बी बघ," असं म्हणून ती पहिल्यांदा हसली.

भागवत सर पन्नाशीचे, चष्मा कपाळावर ठेवणारे. त्यांनी पान खिडकीकडे नेलं, बोटानं चोळून बघितलं, मग बोटाचा वास घेतला.

"हळद?"

"कुंकू होतं, सर. दसऱ्याला आईनं पूजा केली."

"पान उघडून?"

"हो."

ते उठून स्वतःच यंत्रापाशी गेले, प्रत काढली, मूळ पानाशेजारी ठेवली आणि भिंग घेतलं. एकदा मूळ पानावर, एकदा प्रतीवर, पुन्हा मूळ पानावर. मग चष्मा डोळ्यांवर घेऊन अर्जाच्या रकान्यात लिहिलं: एकट्याने, अंतर १६२ सागरी मैल, वेळ २.३ तास.