होडीची पेटी

सुमतीबाई सूतिकागृहाच्या मागच्या पडवीत कात्र्या उकळत होत्या, तेव्हा प्रभाकर ठाण्याहून मतमोजणी आटोपून आला. पुतण्या, पण बाईंच्या निवडणुकीचे सगळे तोच बघत होता. टोपी काढून तो नुसताच उभा राहिला.

"पडले ना रे मी?"

"एकशे अठरा मतांनी, काकू. समोरचे शेठ निवडून आले."

सुमतीबाईंनी चिमट्याने एक कात्री उचलून फडक्यावर ठेवली. मग दुसरी.

"कल्याण गावाने हात दिला. आंबिवलीनेसुद्धा. घात केला तो कोळीवाड्याने. तिथल्या बायकांच्या केंद्रावर आपल्या पेटीत किती निघाली, सांगू? नऊ!"

चिमटा तसाच हातात राहिला. कोळीवाड्यातली निम्मी पोरे या हातांवर जन्मली होती. पण बाई अगदीच अडली आणि पोट उघडायची वेळ आली, तर तिला घेऊन मुंबई गाठावी लागे, आणि बावीस वर्षांत चौघी वाटेतच गेल्या होत्या. असेंब्लीत जाऊन कल्याणला मोठे इस्पितळ मागायचे, एवढ्यासाठी त्या पन्नाशी उलटल्यावर उभ्या राहिल्या. मतदानाला प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याची निशाणी. कोळणींना ओळखू यावी म्हणून बाईंनी होडीच मागून घेतली होती. वाड्यावरच्या सभेत "मला मुंबईला पाठवा" असे त्या म्हणाल्या, तेव्हा बायका एकदम गप्प झाल्या होत्या. बाईंना वाटले, मन लावून ऐकताहेत.

"शेठने लुगडी वाटली असणार," प्रभाकर म्हणाला. "आता पुन्हा त्या वाड्यावर पाऊल टाकू नकोस."

सुमतीबाईंनी उकळलेल्या कात्र्या फडक्यात गुंडाळल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कोळीवाड्यातली मनुबाई दारात आली. सून चंद्रभागा पहाटेपासून कळा देत होती आणि मूल पायाळू होते. सुमतीबाईंनी पिशवी उचलली. वाटेत मनुबाई सारखी बोलत होती; बाई समोर बघत झपाझप चालत होत्या.

दहाच्या सुमाराला मुलगी झाली. आधी रडेना. दोन चापट्या बसल्यावर असे भोकाड पसरले, की बाहेर बसलेला बाळाचा बाप गोमाजी उठून उभा राहिला.

अंगणात मनुबाईने तांब्याने हातावर पाणी घातले. सुमतीबाई खाली बघत साबण चोळत होत्या.

"मनुबाई, त्या दिवशी पेट्या ओळखू आल्या नाहीत का गं तुम्हाला?"

"न ओलखाया काय जालं? कोलनीला होडी कलंना?" मनुबाई हसली. "मी सगल्यांना बजावलं, होडीची पेटी बाईंची. तिच्यात कोनी टाकायचं नाय."

सुमतीबाईंनी मान वर केली.

"तरी नऊ मतं टाकली कोणीतरी."

"ती गंगुबाईच्या घरची. ती मेली कधी कोनाचं आयकते?"

"पण का गं?"

"तुमीच बोललाव, मुंबईला धाडा. तुमी तिकडं गेल्याव, तं आज चंद्रभागेला कोन बघतं? त्या शेठला धाडला. तो गेला, तं कोनाचं काय अडतंय?"

"अगं, मी इथे इस्पितळ आणायला जात होते."

"येल तवा येल. पोर आज आडली व्हती."

आतून बाळाचे रडणे येत होते. मनुबाईने उरलेले पाणी बाईंच्या पायांवर ओतले आणि आपल्या पदराने त्यांचे हात पुसले. बाईंचा चेहरा बघून ती जरा ओशाळली.

"नाराज नका होव, बाई. तुमची हौस हाय, तं पाच वर्सांनी परत उभ्या ऱ्हा. आमी हाव ना."

सुमतीबाईंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मनुबाईला कळले नाही. ती सुनेच्या खाटेखाली शेगडी सरकवायला आत गेली.