फोन कोणी धरायचा

घर शोधायचं काम हल्ली लोक अंथरुणात लोळता लोळता करतात. अंगठा सरकवला की घर आलं, आणखी सरकवला की गेलं. मग एजंटची गरजच काय, हा प्रश्न नवीन गिऱ्हाईक पहिल्याच भेटीत विचारायचं आणि एजंटबाई हसून म्हणायच्या, "काहीच नाही हो, मी फक्त किल्ली आणते." किल्लीच्या निमित्तानं त्या कोणाकोणाचं काय काय ऐकून घ्यायच्या आणि पोटात ठेवायच्या, याचा पत्ता त्यांच्या नवऱ्यालाही नव्हता.

या खेपेचं गिऱ्हाईक म्हणजे दूरदेशी नोकरीला असलेला एक मुलगा. आईवडील जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. पोरगा गुणी. वेबसाइटवर खुणा करून बसलेला: लिफ्ट हवी, उजेड हवा, दवाखाना जवळ हवा. चाळून चाळून तो घरं धाडायचा. मग एजंटबाई त्याच्या वडलांना घेऊन तिथं जायच्या आणि मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून त्याला घर फिरवून आणायच्या. असं एकेक करत सगळी घरं फिरून झाली आणि सगळीच नापास झाली.

नापास करणारे अर्थात वडील, म्हणजे बाईंच्या तोंडी काका. एरवी माणूस मोठा गोड. कित्येक वर्षं आपल्या इमारतीचे सेक्रेटरी. तिथं नळ गळला तरी आणि कुणा नवराबायकोचं बिनसलं तरी लोक यांचंच दार वाजवायचे, आणि दोन्ही कामं ते पाना घेऊनच करायला निघायचे. पण नवीन घरात पाऊल टाकलं की त्यांच्या अंगात सरकारी तपासनीस शिरायचा. कॉल सुरू असताना ते बाईंच्या कानाशी लागून कुजबुजायचे, "तो कोपरा दाखवा बरं त्याला." कोपऱ्यात भेग असायची. "ते गज दाखवा." गजांना गंज असायचा. बाई दाखवायच्या. दोष खरे होते, हीच तर पंचाईत. पोरगा तिकडून म्हणायचा, "नको मग, बाबा म्हणतायत तर," आणि काकांचा चेहरा असा खुलायचा की जणू घर नाकारलं नाही, जिंकलं.

शेवटी पोरगा कंटाळला. "मॅडम, हे एक शेवटचं," तो म्हणाला. "हेही पडलं तर मी नाद सोडतो. पुढच्या वर्षी आलो की बघू." त्यात त्या घराच्या मालकाकडे दुसरं गिऱ्हाईकही येऊन बसलेलं. हो की नाही, बघितल्या दिवशीच संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं.

घर बघायच्या आदल्या दुपारी बाईंना काकूंचा फोन आला. आवाज दबका.

"अगं, तू घर दाखवतेस की घराचं पोस्टमॉर्टेम करतेस?"

"काकू, अहो काकाच..."

"ते खाली पाण्याची टाकी बघायला गेलेत, तेवढ्यात बोलते. हे उद्याचं घर मला हवंय. फोटो पाठवलेत लेकानं. काय डाग असतील नसतील ते जरा झाक."

"पण काकांना सरळ सांगा ना, जिना झेपत नाही म्हणून."

"सांगितलं तर म्हणतील, मी उचलून नेतो. आणि खरंच उचलायला जातील. मग दोघांना उचलायला तुलाच यावं लागेल." काकू हसल्या आणि हसता हसता थांबल्या. "शेवटची खाली उतरले ती डोळे तपासायला. वर येताना वाटेतल्या दोन घरांत पाणी प्यायला बसले. यांना वाटलं, बायका गप्पा मारत बसल्यात."

"बघते मी," बाई म्हणाल्या. त्यांचा हा शब्द फार सोयीचा होता. त्यात हो पण बसायचं आणि नाही पण.

दुसऱ्या दिवशी काकूही निघाल्या. काका नेहमीसारखे गाडीचं दार उघडायला पुढं झाले. त्यांना पुढं व्हायची सवयच होती. मागं काकू कठडा दोन्ही हातांनी धरून, एका अंगानं, पायरीशी बोलल्यासारख्या उतरत होत्या. बाईंनी हात दिला तो त्यांनी घट्ट धरला. खालून हाक आली, "अगं, किती वेळ?"

"कुलूप लागत नव्हतं हो!" काकूंनी वरूनच ठोकून दिलं.

गाडीत काकू मागं बसून डोळे मिटून दम खात होत्या, तेव्हा पुढच्या सीटवरून काका बाईंना हळूच म्हणाले, "आज काहीतरी सापडायलाच हवं. नाहीच सापडलं तर कोंदट वाटतंय म्हणा."

"काका, तुम्हाला नक्की नको काय आहे?"

काकांनी मागं काकूंकडे एक नजर टाकली. "इथं मी सेक्रेटरी. तिकडे मी कोण? तीनशे चारमधला म्हातारा. सकाळी उठून करू काय, भिंतींना नमस्कार?"

बाईंना त्यांची दया आली. मग मागं आरशात काकू दिसल्या, त्यांचीही आली. दोघांची दया एकदम आली की एजंटाचा धंदा बसतो, हे त्यांना ठाऊक होतं.

घर चांगलं होतं. मजला तिसराच, पण लिफ्ट होती. खाली दुकानांची रांग. बाईंनी कॉल लावला. पोराचं अर्धं कपाळ पडद्यावर आलं. "हां मॅडम, दाखवा."

काकांच्या कसलेल्या नजरेनं मोरीमागच्या भिंतीवरची ओल तेवढ्यात हेरलीच होती. ते बाईंची बाही ओढू लागले. दुसऱ्या बाजूला काकू डोळे वटारून उभ्या. ओल दाखवावी तर काकूंचा गळा कापला, झाकावी तर पोराला फसवलं, आणि बाई तर काकूंना बघते म्हणून बसलेल्या, काकांनाही नाही म्हटलेलं नव्हतं.

"काका, आज तुम्हीच धरा फोन. माझा खांदा दुखतोय." यात शहाणपण फारसं नव्हतं. त्यांना दोन्हीकडून सुटका हवी होती, एवढंच.

काकांना आयतीच सत्ता मिळाली. ते थेट ओलीसमोर जाऊन उभे राहिले. "हे बघ. नीट बघ. भिंतीवर नकाशाच उमटलाय."

"बाबा, मला तुमची मिशी दिसतेय."

बाईंनी पुढं होऊन कॅमेरा उलटा करून दिला. पोरगा ओल बघून म्हणाला, "आहे खरी. काढता येईल का, मॅडम?"

"येईल. मालकाशी बोलावं लागेल."

"बरं. आई काय म्हणते? आईला दाखवा जरा."

काका काकूंना शोधत निघाले. स्वयंपाकघरात फक्त उघडी कपाटं. बाल्कनीत कोणी नाही. बाहेरचं दार सताड उघडं, आणि फोनच्या पडद्यावर लिफ्टची दारं मिटता मिटता काकूंच्या साडीचा काठ तेवढा दिसला.

"अगं ए! कुठं?"

"काय झालं बाबा?"

"तुझी आई लिफ्टमध्ये बसून गेली."

"गेली म्हणजे?"

"म्हणजे गेली! खाली! एकटी!"

काका फोन तसाच पुढं धरून बाल्कनीकडे धावले. खाली फुटपाथवर काकू चालत होत्या. सावकाश, जरा हेलकावत, पण कोणाला न धरता. एका दुकानापाशी थांबल्या, आत डोकावल्या, पुढं गेल्या, पुन्हा मागं आल्या. दुकानदाराला काहीतरी विचारलं आणि उत्तर न पटल्यासारखा हात झटकला.

"बाबा," पोरगा फोनमधून म्हणाला. "आई अशी रस्त्यावर शेवटची कधी गेली होती?"

"तिला काय गरज? सगळं मीच वर आणतो. भाजी मी, औषधं मी. परवा तिची चप्पल..." काका बोलता बोलता थांबले. चप्पल त्यांनी आणलीच नव्हती. तुटलेली दाराशी किती दिवस पडली होती कोण जाणे, आणि काकूंनी नवीन मागितली नव्हती. आज त्या शेजारणीची घालून आल्या होत्या. काकांचा हात फोनसकट खाली आला. पोराला आता नुसती फरशी दिसत असणार.

तेवढ्यात खालून काकूंनी वर बघितलं.

"अहो! पैसे नाहीत माझ्याकडे!"

"कशाला हवेत?"

"चप्पल बघतेय!"

"आधी वर ये तू!"

"तुम्हीच खाली या! लिफ्ट आहे!"

रस्त्यावरचे दोघंतिघं वर बघून हसले. काकांनी फोन बाईंच्या हातात कोंबला आणि ते निघाले.

बाईंनी कॅमेरा खाली वळवला. चपलांच्या दुकानाबाहेर दोन पांढरी डोकी, एक स्टुलावर बसलेलं, एक वाकलेलं.

"मॅडम," पोरगा म्हणाला, "लिफ्टची खूण मीच केली होती. मला वाटलं, कधी दवाखान्यात न्यावं लागलं तर हवी."

"हं," बाई म्हणाल्या.

"जरा मोठं करून दाखवता? बाबा काय करतायत?"

"पट्टा लावतायत."

वर यायला त्यांनी भरपूर वेळ घेतला. काकू नव्या चपला घालूनच आल्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर बसून पाय पुढं करून त्यांच्याकडे बघत राहिल्या. घराबद्दल एक अक्षर नाही. काका मात्र धुसफुसत होते.

"खालचा रखवालदार बघा! हिला न विचारता सोडलं. मला अडवतो. विचारतो, कुणाकडे जायचंय?"

"मग काय सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"काय सांगणार? म्हटलं, ती पुढं गेली ना, तिच्याबरोबर आहे."

काकू खिडकीबाहेर तोंड करून हसल्या. काका बाईंना घेऊन दाराबाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

"मालकाला कळवा. ओल काढून द्यायची. नुसता रंग फासायचा नाही, मुळापासून. मी स्वतः उभा राहून करून घेणार. आधी ओल, मग सही."

"म्हणजे घ्यायचं?"

"पोराला सांगा, आईला पसंत आहे."

"आणि तुम्हाला?"

काकांनी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट यायला वेळ लागला, तर त्यांनी आणखी दोनदा दाबलं.

"मी घर बघितलंच कुठं, बाई? मी फोन धरला होता."