राखेचं ढेकूळ

परसराम बेलाणीशी गांधीधामात कुणाचं वैर नव्हतं. सगळे त्याला नमस्कार करायचे आणि पुढे व्हायचे. कस्टमच्या प्रयोगशाळेत तो रसायनज्ञ होता. बंदरात उतरलेल्या मालाचा नमुना त्याच्या टेबलावर यायचा, तो एक ओळ लिहायचा, आणि त्या ओळीवर मालाचा वर्ग ठरायचा. माल गोदामात जाणार की आल्या वाटेनं परत, तेही. ज्या गावात दर दुसऱ्या माणसाचं पोट बंदरावर, तिथं अशा माणसानं चहा प्यायचा तरी कुणाकडे? आज ज्याचा कप उचलावा, उद्या त्याच्याच नमुन्याचा डबा टेबलावर. परसरामनं इतकी वर्षं "नको, आत्ताच झाला" म्हटलं की शेवटी लोकांनी विचारणंच सोडलं. बायको पोपटी होती तोवर काही बिघडलं नाही. भांडायला हक्काचं माणूस घरात असलं की संध्याकाळ सरते. ती गेल्यावर मात्र घर खायला उठलं.

एकच दार उघडं राहिलं होतं, शेजारच्या ठाकूर हेमराजाणीचं. ठाकूर एका शेठच्या गोदामात कारकून. स्वतःचा माल नाही, म्हणून त्याच्याकडे जेवायला हरकत नाही, असा न्याय परसरामनं स्वतःच केला होता आणि स्वतःच मान्य केला होता. दर रविवारी ठाकूरची बायको देवी भाज्या घातलेली सिंधी कढी आणि भात करायची, आणि तिघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवायची.

"अदा, भेंड्या बाजूला काढू नका," देवी म्हणायची. अदा म्हणजे भाऊ. "पोपटीनं लाडावून ठेवलंय तुम्हाला."

"खाऊ दे त्याला त्याच्या मनानं," ठाकूर म्हणायचा. "आठवडाभर धूळ चाखतो बिचारा."

मधे ठाकूर एकदा म्हणाला की देवीच्या नावानं छोटीशी कंपनी काढतोय, भंगाराची. परसरामनं मान डोलावली आणि कसलं भंगार ते विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित पानावरून उठावं लागलं असतं. माणूस एकटा पडला की कान कसे सोयीनं झाकायचे ते शिकतो.

मग एका सकाळी तो नमुना आला. नमुन्यावर फक्त आकडा असतो, माल कुणाचा ते तपासणाऱ्याला कळू देत नाहीत. मालाचं वर्णन होतं 'जस्ताचं भंगार'. करड्या रंगाचं मुठीएवढं जड ढेकूळ. बंदरावरच्या निरीक्षकानंही ते हातात घेऊन धातूच म्हटलं असणार. परसरामनं ते ऐरणीवर ठेवलं आणि हातोडी मारली. धातू असता तर वाजला असता, चेपला असता. हे मुकाट फुटलं आणि आत फिकट भुकटी निघाली. लोखंडाला जस्ताचा मुलामा देतात तिथं वितळलेल्या जस्तावर साय यावी तशी राख येते. तिच्यात क्षार असतात. जहाजावर ती समुद्राची ओल पिते आणि घट्ट बसते, इतकी की नवखा माणूस हमखास फसतो. राख म्हणजे घातक कचरा. आधी परवानगी नसेल तर परत. परसरामनं कच्च्या कागदावर 'राख' असं लिहिलं आणि हात धुतले.

संध्याकाळी ठाकूर कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून उभा राहिला.

"परसू, माझा कंटेनर अडकलाय बघ. नमुना तुमच्याकडे गेलाय म्हणतात."

"तुझा कसला कंटेनर?"

"कंपनी काढली नाही का? शारजाहून जस्त आणलंय. पहिलाच माल. ही एवढाली ढेकळं आहेत." त्यानं मूठ दाखवली. "तुला काही लबाडी करायला नाही सांगत. माल चोख आहे. जरा लवकर होऊ दे, एवढंच. शेठची हमाली आणखी किती दिवस करायची?"

"ढेकळं पारखून घेतलीस कुणाकडून?"

"फोटो मागवले. तूच म्हणाला होतास ना, भुकटी दिसली तर राख, ढेकूळ दिसलं तर धातू? मी गाठ मारून ठेवली होती."

म्हणाला होता. देवीनं एका रविवारी विचारलं होतं, अदा, तुम्ही दिवसभर करता तरी काय? पोपटी गेल्यापासून असं कुणी विचारलंच नव्हतं. त्याला इतका आनंद झाला की अख्ख्या आयुष्याची विद्या त्यानं एका ओळीची म्हण करून ताटात वाढली. समुद्राच्या ओलीचं सांगायचं राहून गेलं. परसराम भिंतीशी उभा होता आणि त्याला ठाकूरच्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

"मला तुझ्या मालाबद्दल बोलता येणार नाही," तो म्हणाला.

"बरोबर आहे, बरोबर आहे," ठाकूर हसला. "तू नुसता तपास कर, माझी काळजी मिटली."

दुसऱ्या दिवशी परसरामनं वरिष्ठांना सांगितलं की हा माल ओळखीच्या माणसाचा आहे, माझ्याकडे नको. नियमच होता तसा. नमुना त्याच्या सहकारी हेतल गढवीकडे गेला आणि त्याचा कच्चा कागद रद्द झाला. ती नव्यानं तपासत होती तेव्हा परसराम पलीकडच्या टेबलावर बसून झुलेलाल देवाला विनवत होता की हिचं चुकू दे. रसायनज्ञानं असलं मागणं मागू नये, पण मागितलं खरं. हेतलचं चुकलं नाही. राखच, त्यात शिसंही प्रमाणाबाहेर. माल परत जाणार.

ठाकूरची कंपनी एका फेरीत बुडाली. तो पुन्हा शेठकडे गेला. शेठनं ठेवून घेतलं, पण सगळ्यांसमोर हसून.

रविवारी कढीला परसरामला बोलावणं आलं, नेहमीसारखं. तो गेला. देवीचे डोळे सुजले होते, तरी तिनं तिघांची पानं मांडली.

"कुणी गढवी बाई आहे म्हणे तुमच्याकडे," भात वाढता वाढता ती म्हणाली. "कुणाच्या पोटावर पाय देतोय याचं तिला काही नाही. तिचं कधी भलं होणार नाही. तुमच्या हाती असतं अदा, तर हे झालं नसतं."

"परसूचा काय दोष?" ठाकूर म्हणाला. "त्याच्या हातून काढून घेतलं ना. जेव रे तू."

परसरामनं घास उचलला. गप्प बसलं की झालं, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पुढचे सगळे रविवार समोर वाफाळत होते. हेतल गढवीला या शिव्या कधी ऐकू जाणार नव्हत्या. त्यानं घास खाली ठेवला.

"पहिली हातोडी माझी होती," तो म्हणाला. "तुझा माल आहे हे कळायच्या आधी मीच राख लिहिली होती. ती बाई नसती तरी हेच झालं असतं. आणि तुला फसवलं ते माझ्या बोलण्यानं. ढेकळाचं मी अर्धवट सांगितलं होतं."

देवीचा हात भाताच्या भांड्यात तसाच राहिला.

"आम्हाला कधी कळलं नसतं," ठाकूर म्हणाला.

"नसतं कळलं."

"मग कशाला सांगितलंस?"

"पोपटी असती तर तिला सांगितलं असतं," परसराम म्हणाला. "आता तुमच्याशिवाय मला कोण आहे सांगायला?"

ठाकूर उठला आणि मागच्या दारानं अंगणात गेला. परसरामनं उरलेला भात संपवला, भेंड्यांसकट. मग ताट घेऊन मोरीशी गेला आणि नळ सोडला. इतक्या वर्षांत देवीनं त्याला स्वतःचं ताट कधी विसळू दिलं नव्हतं, हातातून ओढून घ्यायची. आज ती बसल्या जागेवरून बघत राहिली. त्यानं ताट धुऊन पालथं घातलं आणि भिंतीपलीकडे आपल्या घरी गेला.